तिसरा खर्डा

कोणतीही विद्याशाखा आपल्या विद्यार्थ्याविषयी खरोखर काय मानते हे पाहायचे असेल, तर तिचा अभ्यासक्रम वाचत बसण्यापेक्षा पदवी हातात देण्याआधी ती त्याच्याकडून शेवटची कोणती गोष्ट मागते ते पाहावे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णासमोर उभे राहावे लागते. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला आराखडा मांडून त्याचे समर्थन करावे लागते. कायद्याच्या विद्यार्थ्याचे पुढचे सारे आयुष्य बोलण्यात जाणार, अशी आपली समजूत. पण अमेरिकेत त्याच्याकडून मागितला जातो तो एक दीर्घ निबंध. तो एखाद्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली लिहायचा, त्याचे खर्डे करायचे, शेरे मारून परत आले की पुन्हा लिहायचे, आणि शेवटी त्या प्राध्यापकाने अट पूर्ण झाल्याचे लेखी कळवले की पदवीचा मार्ग मोकळा. कुठे या अटीला ‘अ‍ॅडव्हान्स्ड रायटिंग रिक्वायरमेंट’ म्हणतात, कुठे ‘अपर लेव्हल रायटिंग’. येल लॉ स्कूलमध्ये तर असे दोन निबंध मागितले जातात. नावे निरनिराळी, पानांची अपेक्षाही कमीअधिक (बहुधा पंचवीस-तीस पाने), पण मागणीचे स्वरूप एकच.

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. कायद्याशी आमचा संबंध घराच्या भाडेकरारापुरता. तरीही गेले वर्षभर ही अट आमच्या स्वयंपाकघरात वारंवार चर्चेला होती. आमची भाची अमेरिकेतील एका लॉ स्कूलमध्ये तिसऱ्या वर्षाला होती आणि तिचा निबंध दोनदा परत आला होता. त्याच सुमारास आमच्या विभागात एम. ए.च्या विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रकल्पाचे काय करायचे हा वाद सुरू होता. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, सक्तीने लिहून घेतलेला निबंध म्हणजे सक्तीने म्हणवून घेतलेली आरती. दुसरीचे म्हणणे असे की, ज्यांना आरती येते त्या सर्वांनी ती लहानपणी सक्तीनेच म्हटलेली असते. या लेखात ‘आम्ही’ असे लिहिले असले तरी हा मतभेद पुरता मिटलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ही अट कशासाठी आली हे समजण्यासाठी तेथील कायद्याच्या शिक्षणाची ठेवण पाहावी लागते. १८७० साली ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन झाले आणि त्यांनी व्याख्यानांऐवजी न्यायालयांचे निकाल वाचून, त्यांवर प्रश्नोत्तरे करून शिकवण्याची पद्धत रूढ केली. पुढे ती देशभर पसरली. वर्गात प्राध्यापक एकामागून एक प्रश्न विचारतो, विद्यार्थी उभा राहून उत्तरे देतो, आणि सत्राच्या अखेरीस बहुधा एकच परीक्षा होते. परीक्षेत एक लांबलचक काल्पनिक हकिगत दिलेली असते. कोणीतरी कोणाच्या अंगणात घुसतो, कोणाचा तरी कुत्रा चावतो, कोणी तरी करार मोडतो. त्यातून कायद्याचे जेवढे प्रश्न निघतील तेवढे तीन-चार तासांत हुडकून काढायचे. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांक असतो. ही परीक्षा वेगाची, नजरेची आणि धीराची असते, निःपक्षपातीही असते. पण तिच्यात विद्यार्थ्याने स्वतःला प्रश्न विचारण्याची वेळ कधी येत नाही. प्रश्न नेहमी दुसऱ्याने रचलेला असतो.

दीर्घ निबंधाची अट ही या व्यवस्थेला जोडलेली उलट बाजू आहे. येथे नाव झाकलेले नसते, वेळ मोजून दिलेला नसतो आणि प्रश्न आयता मिळत नाही. अमेरिकन बार असोसिएशनची जी मानके लॉ स्कूलांना मान्यता मिळवण्यासाठी पाळावी लागतात, त्यांत पहिल्या वर्षी एक आणि त्यानंतर किमान आणखी एक लेखनानुभव प्रत्येक विद्यार्थ्याला मिळाला पाहिजे आणि दोन्ही अध्यापकांच्या देखरेखीखाली झाले पाहिजेत, असे सांगितले आहे. त्या मानकाच्या स्पष्टीकरणात हे लेखन पुरेसे कसदार आहे की नाही हे कशावरून ठरवावे, तेही दिले आहे: किती आणि कोणत्या प्रकारचे लेखन करून घेतले, प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे किती आणि कसा अभिप्राय दिला, आणि त्याला किती खर्डे करावे लागले. आम्हाला या शेवटच्या बाबीचे फार अप्रूप वाटले. नियमावल्या पाने मोजतात, शब्द मोजतात, समासाची रुंदी सांगतात. खर्ड्यांची संख्या विचारणारी नियमावली आमच्या पाहण्यात आली नव्हती. पुनर्लेखन ही लेखकाच्या स्वभावाची बाब आहे असे आपण मानत आलो. तेथे ती शिक्षणसंस्थेच्या मान्यतेची बाब ठरली आहे.

निबंध कसा असावा याविषयीची त्यांची कल्पनाही ठरीव आहे. युजीन वोलोख यांचे ‘अ‍ॅकॅडेमिक लीगल रायटिंग’ हे पुस्तक २००३ साली प्रथम प्रसिद्ध झाले. या निबंधाशी झगडणाऱ्या अनेकांच्या टेबलावर ते असते. त्यांच्या मते निबंधात एक प्रतिपादन हवे, आणि ते नवे, सहज न सुचणारे, उपयोगी आणि टिकणारे हवे. यांपैकी नवेपणाची परीक्षा सर्वांत आधी होते. विषय सुचला की आपण मांडणार तेच आधी कोणी मांडून ठेवले आहे का, हे विद्यार्थ्याने शोधायचे. आढळले तर विषय बदलायचा किंवा आपले म्हणणे वेगळे कसे, ते दाखवायचे. आपल्याकडे पूर्वसूरींचा उल्लेख प्रस्तावनेत आदरापोटी येतो. तेथे तो पहिल्या आठवड्यातच आणि धास्तीपोटी येतो.

या साऱ्यावर टीका करणारेही तेथेच आहेत, आणि ते लेचेपेचे नाहीत. येलचे प्राध्यापक फ्रेड रॉडेल यांनी १९३६ सालीच कायद्याच्या नियतकालिकांचा निरोप घेणारा लेख लिहून त्यांतील लेखनाची शैली आणि आशय अशी दोन्ही अंगे निकालात काढली. २०११ साली सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी एका न्यायिक परिषदेत अशा नियतकालिकांची थट्टा केली. अठराव्या शतकातील बल्गेरियात पुराव्यासंबंधी कांटच्या विचारांचा काय प्रभाव पडला, असल्या विषयावरचे लेख वकिलाच्या काय कामाचे, असा त्यांचा रोख होता. बराक ओबामा स्वतः कायद्याचे अध्यापक होते. २०१३ साली राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी लॉ स्कूल तीनऐवजी दोन वर्षांचे असावे असे सुचवले. ज्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर आहे, त्याच्यापुरता हा विनोदाचा विषय नाही. तिसरे वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी, आणि हा निबंध बहुतेकदा त्याच वर्षी रखडतो. म्हणून अनेक लॉ स्कूलांनी आता तडजोड केली आहे. पांडित्यपूर्ण निबंधाऐवजी अपिलातील युक्तिवाद किंवा एखाद्या कायद्याचा मसुदा यांसारखे व्यवहारातले दीर्घ लेखनही काही ठिकाणी या अटीसाठी चालते.

टीका रास्त आहे. पण तिच्या दुसऱ्या पारड्यात घालण्यासारखे बरेच आहे. कॅथरीन मॅकिनन यांनी येल लॉ स्कूलमध्ये विद्यार्थिनी असताना, कामाच्या ठिकाणी स्त्रीला जो लैंगिक त्रास दिला जातो तो लिंगाधारित भेदभावच आहे असे मांडणारा निबंध लिहिला. १९७९ साली त्याचे पुस्तक झाले. १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मेरिटर सेव्हिंग्ज बँक’ खटल्यात हा त्रास म्हणजे कायद्याने निषिद्ध भेदभाव होय, हे मान्य केले. आपल्याकडे १९९७ सालच्या ‘विशाखा’ निकालाने हाच प्रश्न समतेच्या मूलभूत हक्काशी जोडला. लीना खान यांनी ‘अ‍ॅमेझॉन्स अँटीट्रस्ट पॅराडॉक्स’ हा सुमारे शंभर पानांचा लेख लिहिला तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या; जानेवारी २०१७ मध्ये तो ‘येल लॉ जर्नल’मध्ये विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या ‘नोट’ या सदरात आला. ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळते एवढ्यावरून मक्तेदारी निरुपद्रवी ठरत नाही, हे त्यांचे प्रतिपादन. २०२१ साली त्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष झाल्या, २०२३ च्या सप्टेंबरात त्या आयोगाने अ‍ॅमेझॉनवर खटला भरला, आणि २०२५ च्या जानेवारीत त्यांनी पद सोडले. त्यांचे म्हणणे बरोबर की चूक, यावर तज्ज्ञ भांडत आहेत. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, भांडण्याजोगे म्हणणे एका विद्यार्थिनीने मांडले होते आणि तिला ते पूर्ण मांडायला जागा मिळाली होती.

अर्थात असे निबंध अपवादानेच लिहिले जातात. आमच्या भाचीचा निबंध कोणत्याही नियतकालिकात छापला गेलेला नाही, जाणारही नाही. पण सामान्य विद्यार्थ्याच्या हाती ही अट काय देते हे समजण्यासाठी तोच अधिक उपयोगाचा आहे, म्हणून त्याची हकिगत सांगतो.

तिथल्या विधिसाहाय्य केंद्रात काम करताना तिच्यासमोर आश्रय मागणाऱ्या एका माणसाचे प्रकरण आले. तो दक्षिण आशियातला, एवढेच तिने आम्हाला सांगितले. देश, भाषा, नाव यांपैकी काहीही सांगितले नाही, आणि ते योग्यच होते. त्याने लेखी निवेदनात एका नातेवाइकाचा उल्लेख ‘चुलतभाऊ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने केला होता. तोंडी साक्षीत दुभाष्याने त्याच माणसाला ‘ब्रदर’ म्हटले. २००५ सालच्या ‘रिअल आयडी’ कायद्याने अमेरिकेत अशी सोय करून ठेवली आहे की, अर्जदाराच्या सांगण्यातली कोणतीही विसंगती, मग ती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित असो वा नसो, त्याच्या विश्वासार्हतेविरुद्ध धरता येते. एका नात्याच्या शब्दावरून माणूस खोटा ठरू शकतो, आणि खोटा ठरला तर जेथून जीव वाचवून आलो असे तो सांगतो तेथेच परत पाठवला जाऊ शकतो. तिने हाच विषय घेतला. त्या माणसाची कागदपत्रे तिला वापरता येणार नव्हती. म्हणून छापील निकालांतली तशीच प्रकरणे तिने शोधली.

पहिल्या खर्ड्यात तिचे प्रतिपादन असे होते की दुभाषे अधिक प्रशिक्षित असावेत. प्राध्यापकांनी समासात एवढेच लिहिले की, हे अमान्य करणारा कोणी माणूस दाखव. दुसऱ्या खर्ड्यात ती म्हणाली की साक्षीदाराचे मूळ भाषेतले शब्द जपून ठेवले पाहिजेत. शोधता शोधता तिला कळले की सुनावणीचे ध्वनिमुद्रण होतच असते. अपिलासाठी जो लेखी उतारा तयार होतो, त्यात मात्र दुभाष्याचे इंग्रजीच तेवढे येते. याच टप्प्यावर रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. “मावशी, आपल्याकडे चुलतभावाला नुसतं भाऊ म्हणतात ना? याला आधार काय? मला तळटीप हवी आहे.”

आम्ही दोघे आधी हसलो. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ यालाही तळटीप मागणारी ही विद्या, असे आमच्यापैकी एक म्हणाला. मग आधार शोधू लागलो, तेव्हा हसू ओसरले. आम्ही तिला इरावती कर्वे यांचा १९५३ सालचा ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ सुचवला. पण पुस्तकाच्या आधी आमच्याच घरातला पुरावा समोर होता. आमच्यापैकी ज्याला ती ‘काका’ म्हणते, तो तिच्या वडिलांचा भाऊ नव्हे, मावशीचा नवरा आहे. उद्या कोणी शपथेवर तिला विचारले की तुला काका किती, तर ती काय सांगेल? आणि ते इंग्रजीत जाऊन परत आले तर त्याचे काय होईल?

आमची माहिती घेऊन तिने दुसरा खर्डा दिला आणि तो परत आला. या वेळचा शेरा आम्हाला अजून विसरता येत नाही. तुमची नातेव्यवस्था इतकी काटेकोर आहे, चुलत, आते, मामे, मावस असे चार वेगळे शब्द तुमच्याजवळ आहेत, तर साक्षीदाराने नेमका शब्द का वापरला नाही? हा त्या शेऱ्याचा आशय. परदेशातल्या, मराठीचा गंध नसलेल्या एका माणसाने विचारलेला हा प्रश्न मराठी शिकवून वीस वर्षे झालेल्या आम्हा दोघांना कधी पडला नव्हता.

त्याचे उत्तर शोधण्यात आमचे तीन-चार रविवार गेले. शेवटी लक्षात आले ते असे. ‘चुलत’ हा शब्द आपल्याजवळ असतो, पण घरात तो सहसा उच्चारला जात नाही. एकत्र वाढलेल्या काकाच्या मुलाला चारचौघांत ‘हा माझा चुलतभाऊ’ असे म्हणणे म्हणजे त्याला एक पायरी लांब उभे करणे. वाटणीच्या वेळी, लग्नपत्रिकेत, कोर्टकचेरीच्या कागदात तो शब्द बाहेर निघतो. मामेभाऊ आणि आतेभाऊ यांची गोष्ट आणखी निराळी, कारण महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे आणि तेथे कोण कोणाचा भाऊ हे सैल ठेवून चालत नाही. म्हणजे नेमका शब्द माहीत असणे आणि तो वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता शब्द वापरायचा हे नात्यावर ठरते, तसेच प्रश्न कोणी, कुठे आणि कशासाठी विचारला यावरही ठरते.

तिसऱ्या खर्ड्यात तिचे प्रतिपादन पार बदलले. दुभाष्याने चूक केली नाही, साक्षीदार खोटे बोलला नाही, लिहून घेणाऱ्यानेही चुकीचे लिहिले नाही. लेखी निवेदन वकिलाने तयार केले, तेव्हा वकिलाने वंशावळ विचारली आणि साक्षीदाराने वंशावळीचा शब्द दिला. न्यायाधीशाने संकटात कोण पाठीशी उभे राहिले असे विचारले आणि साक्षीदाराने घरातला शब्द दिला. विसंगती दोन उत्तरांत नव्हती, दोन प्रश्नांत होती. म्हणून नात्याच्या शब्दातील फरक साक्षीदाराविरुद्ध धरण्यापूर्वी न्यायाधीशाने तो त्याच्यापुढे ठेवावा आणि ‘हा कोणाचा मुलगा?’ असे साधे विचारावे, एवढीच तिची शिफारस उरली. साक्षीदाराला खुलाशाची संधी मिळाली पाहिजे असे काही अपील न्यायालयांनी म्हटलेले आहेच. नात्याच्या शब्दांपुरता तो खुलासा कसा मागावा, हे तिने जोडले. पहिल्या खर्ड्यातल्या मोठ्या सुधारणांपुढे ही शिफारस फार लहान होती. पण ती अमान्य करणारा माणूस आता दाखवता येत होता, आणि त्याला उत्तरही देता येत होते. निबंध मान्य झाला. मे महिन्यात ती पदवीधर झाली आणि आता एका विधिसाहाय्य संस्थेत काम करते. कोणीही ‘ब्रदर’ म्हटले की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, असे ती सांगते.

आमच्यातील सक्तीविरोधकाचे मत येथे थोडे हलले. त्याचा मुख्य आक्षेप असा होता की विचार मागणी करून येत नाही. तो अजूनही तसेच म्हणतो. पण पहिला खर्डा मागणी करून येतो आणि तिसरा खर्डा पहिल्याशिवाय येत नाही, एवढे त्याने कबूल केले आहे.

चर्चासत्रासाठी लिहिलेल्या निबंधाचे मोल किती असू शकते, हे खरे तर महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नव्हती. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. तो कायद्याचा निबंध नव्हे आणि पदवीची अट म्हणून लिहिलेलाही नव्हे. पण एका चर्चासत्रातला विद्यार्थ्याचा निबंध कसा असावा याचा तो वस्तुपाठ आहे. आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून घेतल्या आहेत, प्रत्येकीत काय राहून गेले ते दाखवले आहे, आणि मग स्वतःचे एक प्रतिपादन केले आहे: जातीचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे. त्यावरून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची संगती लावली आहे. जात मनूने निर्माण केली हा समज खोडला आहे. आणि अखेरीस, आपले म्हणणे अंतिम नाही, ती चर्चेत घातलेली भर आहे, चूक दाखवली तर आपण ते बदलू, असेही सांगितले आहे. दोन दशकांनी ‘जातिनिर्मूलना’चा जो विचार उभा राहिला, त्याचा पाया या विद्यार्थिदशेतील निबंधात आहे. आपण या निबंधाचे पूजन पुष्कळ केले. आपल्या वर्गातला विद्यार्थी असा निबंध कोणत्या परिस्थितीत लिहू शकेल, याचा विचार त्या मानाने कमी केला.

आपल्याकडील परिस्थिती काय आहे? कायद्याच्या शिक्षणापुरते पाहिले तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ सालच्या नियमांत मसुदालेखनाचा एक सक्तीचा प्रात्यक्षिक विषय आहे. त्यात दावे-अर्जांचे पंधरा मसुदे ४५ गुणांना, दस्तऐवजांचे पंधरा मसुदे ४५ गुणांना आणि तोंडी परीक्षा १० गुणांना, अशी वाटणी आहे. तीस मसुदे, प्रत्येकी तीन गुण. व्यवसायाला ते उपयोगीच आहेत. भाडेपट्टा कसा लिहावा हे वकिलाला आलेच पाहिजे. परंतु तीन गुणांच्या मसुद्याचा दुसरा खर्डा कोणी मागत नाही आणि कोणी करत नाही. तीस वेळा एकदाच लिहिणे आणि एकच गोष्ट तीनदा लिहिणे, यांत विद्यार्थ्याच्या हाती वेगवेगळ्या गोष्टी लागतात.

मराठी भाषेने या फरकासाठी शब्दही जपून ठेवले आहेत. खर्डा म्हणजे खोडण्यासाठी लिहिलेला कागद. मसुदा म्हणजे दुसऱ्याच्या मान्यतेसाठी लिहिलेला कागद. दस्त म्हणजे ज्यावर सही झाली, जो आता बदलता येत नाही तो. आमच्या महाविद्यालयीन जगात विद्यार्थी थेट दस्त घेऊन येतो. बांधणी झालेली, मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरे उमटवलेली, ऋणनिर्देशात आई-वडिलांपासून ग्रंथपालापर्यंत सर्वांचे आभार मानलेली प्रत मार्गदर्शकापुढे ठेवली जाते आणि ‘मॅडम, सही’ एवढेच शब्द उच्चारले जातात. महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळत असत, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून त्या दुकानापर्यंत जाण्याचीही गरज उरली नाही. पंचवीस शुद्ध पाने आता चहा थंड होण्याआधी मिळतात.

आमच्या विभागातील वाद यावरूनच होता. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन-प्रकल्पाला भरघोस श्रेयांक आले आहेत, आणि विद्यार्थी यंत्राकडून लिहून घेतात, हे तपासता येत नाही. तेव्हा प्रकल्प नावापुरता ठेवून गुण तोंडी परीक्षेला आणि सादरीकरणाला द्यावेत, अशी सूचना आली. सूचना करणारे सहकारी आळशी नाहीत. ते थकलेले आहेत. आम्ही उलट सूचना मांडली: विद्यार्थ्याने तीन खर्डे द्यावेत, प्रत्येकावर मार्गदर्शकाने हाताने शेरे लिहावेत, आणि अंतिम प्रतीबरोबर ते तिन्ही खर्डे शेऱ्यांसकट जोडावेत. गुण द्यायचे ते पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत काय बदलले, याला.

यंत्र तीन खर्डेही करून देईल, असा प्रतिवाद झाला. तो खरा आहे. समासातला शेरा यंत्राला दिला तर ते त्याचेही सफाईदार उत्तर देईल. पण ‘नेमका शब्द का वापरला नाही?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्या भाचीला पुस्तकात मिळाले नव्हते. त्यासाठी तिने आईला, आजीला, आम्हाला फोन केले, आणि आम्ही शेजारच्या वाड्यातल्या आजोबांना विचारले. मार्गदर्शकाचा शेरा विद्यार्थ्याला टेबलावरून उठवून कोणाकडे तरी पाठवत असेल, तर यंत्राचा उपयोग मर्यादित राहतो. असा शेरा लिहायचा तर मार्गदर्शकाला खर्डा वाचावा लागतो. अट विद्यार्थ्यावर आहे असे वाटते. तिचा निम्मा भार वाचणाऱ्यावर असतो.

आणि येथेच आमचे खरे दुखणे आहे. अमेरिकेत हे जमते, कारण एका प्राध्यापकाच्या वाट्याला असे निबंध मोजकेच येतात. आमच्या विभागात चाळीस विद्यार्थी आहेत. प्रत्येकी पंचवीस पाने, तीन खर्डे, म्हणजे तीन हजार पाने. वाचणारे पूर्णवेळ अध्यापक आम्ही दोघे, बाकीचे तासिका तत्त्वावर. त्यांना तासाचे पैसे मिळतात, वाचल्याचे मिळत नाहीत. त्यांच्याकडून समासातले शेरे मागणे हा अन्याय आहे, असे आमच्यापैकी दुसरीचे, म्हणजे आरतीच्या बाजूने बोलणारीचे, ठाम मत आहे. सक्तीची ती पुरस्कर्ती. पण ज्याला मोबदला नाही त्याच्यावर सक्ती चालणार नाही, असे ती म्हणते. यावर आमच्याजवळ उत्तर नाही. खर्डा मागणारी नियमावली लिहिणे सोपे आहे, तो वाचणाऱ्याचा पगार लिहिणे अवघड आहे. असो.

तूर्त आम्ही असे ठरवले आहे. पाने पंचवीसवरून बारावर आणायची, खर्डे मात्र तीनच ठेवायचे. या वर्षी आम्ही दोघे मिळून चौदा विद्यार्थी घेणार. उरलेल्यांची व्यवस्था विभाग जुन्या पद्धतीने करील. म्हणजे चौदा गुणिले बारा गुणिले तीन, पाचशे चार पाने. जूनपर्यंत तेवढी होतात. चौदांपैकी नऊ जणांनी पहिला खर्डा दिला आहे. त्यातल्या एकीने आपल्या गावातील जात्यावरच्या ओव्या हा विषय घेतला आहे आणि पहिल्याच पानावर लिहिले आहे की या ओव्या आता कोणी म्हणत नाही. आम्ही समासात लिहिले आहे, ‘कोणाला विचारले?’ ती गेल्या आठवड्यापासून वर्गात आलेली नाही. गावी गेली आहे, असे तिच्या मैत्रिणी सांगतात.